खोटी मतं, खरं यंत्र

आजचा विषय जरा वेगळा आहे. वेबसाइटची आज्ञावली तपासताना डेटाबेसच्या जागी डमी बसवावा की नाही, यावर मला लिहायचं आहे. मास्तरांना हे कुठलं खूळ लागलं असं काहींना वाटेल. खूळ आणलं नातीने. ती पुण्यात हिंजवडीला वेबसाइट बनवायच्या कामात आहे, आणि सुट्टीला सणसरला आली की तिचं काम मांडीवर घेऊनच बसते. तिच्याकडून मी हे प्रकरण समजून घेतलं आणि समजल्यावर आमचं जुंपलं. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस, संगणकाचं शास्त्र मला येत नाही. पण वह्या, पेपर, हजेऱ्या तपासण्यात पस्तीस वर्षं गेली. तपासणी कुठली आणि तपासणीचा देखावा कुठला, एवढं मात्र ओळखता येतं.

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी (म्हणजे मुख्यतः माझ्या दोन मेहुण्यांसाठी :) ) थोडं सविस्तर सांगतो.

शाळेत जनरल रजिस्टर असतं. विद्यार्थ्याचं नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, सगळं त्यात. त्या रजिस्टरला सहसा लिपिक भाऊसाहेबच हात लावतात. मुख्याध्यापकांना काही हवं असलं की ते म्हणतात, "भाऊसाहेब, अमक्याची नोंद बघा," आणि भाऊसाहेब रजिस्टर उघडतात. वेबसाइटमध्येही अगदी असंच असतं. रजिस्टर म्हणजे डेटाबेस (आपले काही मित्र त्याला विदागार म्हणतात, शब्द छान आहे). आणि भाऊसाहेब म्हणजे ज्याला हे लोक 'मॉडेल क्लास' म्हणतात तो. 2004 साली आलेलं रुबी ऑन रेल्स आणि 2005 साली आलेलं जँगो, या दोन्हींनी ही पद्धत घरोघरी पोचवली. एका तक्त्याला एक मॉडेल. बाकीची आज्ञावली रजिस्टर उघडत नाही, मॉडेलला विचारते.

आता युनिट टेस्ट. आज्ञावलीचा एक लहान तुकडा घ्यायचा, त्याला ठरावीक प्रश्न घालायचा, आणि अपेक्षित उत्तर येतं का ते दुसऱ्या आज्ञावलीकडून तपासून घ्यायचं. बरोबर आलं की हिरवं, चुकलं की लाल. अशा शेकडो टेस्ट असतात, आणि काही बदल केला की सगळ्या पुन्हा चालवायच्या. कल्पना उत्तम आहे. दर तासाला सगळ्या वर्गाची चाचणी घेता आली असती तर मी काय दिलं नसतं!

आणि मॉक? टेस्ट चालू असताना खऱ्या भाऊसाहेबांना उठवायचं आणि त्यांच्या खुर्चीत एका पोराला बसवायचं. त्याला आधीच सांगून ठेवायचं, "कोणी विचारलं की ही मुलगी रजिस्टरात आहे का, तर नाही म्हण. कोणी म्हणालं नोंद कर, तर झाली म्हण." रजिस्टर कपाटात बंदच. 'मॉक ऑब्जेक्ट' हा शब्द रूढ झाला 2000 साली टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांच्या एका निबंधातून. पुढे 2007 मध्ये जेरार्ड मेसारोस यांनी अशा सगळ्या बदली पात्रांना, सिनेमातल्या स्टंट करणाऱ्या डबलवरून, 'टेस्ट डबल' असं नाव दिलं. त्यांच्या वर्गीकरणात 'डमी' हा एक अगदी वेगळा प्रकार आहे. पण मी डमी म्हणतो ते आम्हा मास्तरांच्या अर्थाने. परीक्षेला दुसऱ्याच्या नावावर बसतो तो डमी.

नातीची बाजू आधी प्रामाणिकपणे सांगतो, कारण ती मूर्ख नाही. तिचं म्हणणं असं: "नाना, खरा डेटाबेस मध्ये आणला की टेस्ट हळू चालतात. हळू चालल्या की लोक त्या चालवायचंच सोडतात. शिवाय एक टेस्ट काहीतरी लिहून ठेवते आणि त्यामुळे दुसरी पडते. मग चूक कोणाची ते शोधण्यात दिवस जातो. मला माझा तुकडा तपासायचाय. डेटाबेस तपासायला तो बनवणारे लोक आहेत." यातला प्रत्येक मुद्दा खरा आहे. मुख्याध्यापकांचा निर्णय बरोबर की चूक हे पाहायचं असेल, तर दर वेळी कपाट उघडून चार किलोचं रजिस्टर काढायची गरज काय?

माझी हरकत साधी आहे. या परीक्षेत प्रश्न आपण काढला, उत्तर आपणच डमीच्या कानात सांगितलं, आणि त्याने तेच म्हटल्यावर पैकीच्या पैकी गुण दिले. यात कोण तपासलं गेलं? मुख्याध्यापक थोडेसे. भाऊसाहेब अजिबात नाहीत, आणि रजिस्टर तर नाहीच. आणि अशा वेबसाइटमध्ये खऱ्या अडचणी कुठे असतात, तर भाऊसाहेब आणि रजिस्टर यांच्या मध्ये.

रजिस्टरातल्या एका रकान्याचं नाव उद्या बदललं, तर खरे भाऊसाहेब अडखळतील आणि टेस्ट लाल होईल. डमी अडखळत नाही. त्याने रजिस्टर पाहिलेलंच नाही! पायथॉन भाषेतला साधा मॉक तर इतका आज्ञाधारक की त्याला अस्तित्वात नसलेलं काम सांगितलं, अगदी कामाच्या नावात शुद्धलेखनाची चूक केली, तरी तो मान डोलावतो. यावर उपाय आहे, तोही नातीनेच दाखवला: खऱ्या मॉडेलला जेवढी कामं येतात तेवढीच मॉकला येतील अशी सक्ती करता येते. चांगलं आहे. म्हणजे आता खुर्चीतल्या पोराला भाऊसाहेबांच्या कामांची यादी पाठ आहे. पण रजिस्टर अजूनही कपाटातच.

नात म्हणाली, "पण नाना, मॉक म्हणजे शेवटी खोटंच असणार ना!" तेव्हा मला निवडणुका आठवल्या.

आपल्यापैकी जे शिक्षक होते त्यांना सांगायला नको. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी केंद्रावर उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर 'अभिरूप मतदान' होतं. इंग्रजीत त्यालाही मॉक पोलच म्हणतात. मतदान यंत्रावर खोटी मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला थोडी थोडी. आजच्या नियमाप्रमाणे एकूण किमान 50. मग क्लोज, मग रिझल्ट. कागदावर टिपून ठेवलेली बेरीज आणि यंत्राने दाखवलेली बेरीज जुळली की क्लिअर. यंत्र शून्यावर आल्याचं सगळ्यांना दाखवायचं, प्रमाणपत्रावर सह्या घ्यायच्या, यंत्राला मोहोर लावायची आणि मगच दार उघडायचं. 2004 च्या लोकसभेला देशभर यंत्रं आली तेव्हापासून निवृत्तीपर्यंत हे मी केलेलं आहे.

आता यात खोटं काय आणि खरं काय ते बघा. मतं खोटी. यंत्र खरं. दिवसभर ज्यावर गाव मत देणार, तेच यंत्र, तीच बटणं, तीच वायर. समजा केंद्राध्यक्षाने यंत्र पेटीतच ठेवलं, टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं मांडलं, स्वतःच मोठ्याने "अमक्याला दहा, तमक्याला दहा, बेरीज बरोबर" असं म्हटलं आणि सह्या मागितल्या, तर काय होईल? आपल्याकडचे प्रतिनिधी त्याला शाळेच्या आवारातून बाहेर पडू देणार नाहीत!

मॉडेल क्लासचं मॉक करणं हे मला त्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखं वाटतं. नाव दोन्हींना मॉकच. पण निवडणुकीत डेटा खोटा घेतात आणि यंत्र खरं ठेवतात. इथे यंत्रच खोटं.

दुसरं उदाहरण आमच्या दाराशीच आहे. सणसरला लागून भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. या भागातल्या माणसाला हंगामाचा क्रम पाठ असतो: बॉयलरचं अग्निप्रदीपन, मग गव्हाणीत मोळी टाकून गळिताचा शुभारंभ. या दोन्हींचे फोटो पेपरात येतात. यांच्या मध्ये एक गोष्ट होते तिचा फोटो कधी येत नाही. साखर कारखान्यांत ऊस येण्याआधी वॉटर ट्रायल घेतात. उसाच्या रसाऐवजी साधं पाणी नळांतून, हीटरमधून, इव्हॅपोरेटरमधून, पॅनमधून फिरवायचं. कुठला जोड गळतो, कुठला पंप ओढत नाही, निर्वात नीट होतो की नाही, हे सगळं पाण्यावर कळतं. रस महाग, आणि वाया गेला तर शेतकऱ्याचा. म्हणून रसाच्या जागी पाणी. पॅनच्या जागी मात्र पॅनच!

आणि तिथली माणसं हेही जाणतात की पाण्यावर सगळं कळत नाही. पाणी पाकासारखं घट्ट होत नाही, त्याचे दाणे पडत नाहीत. पाण्यावर सुरळीत चाललेला पॅन पाकावर त्रास देऊ शकतो. म्हणून वॉटर ट्रायल झाली की लगेच कोणी 'साखर उत्तम' असं लिहून देत नाही. कुठल्या तपासणीने काय सिद्ध झालं आणि काय व्हायचं राहिलं याचा हिशेब त्यांच्या डोक्यात असतो. हिरव्या टेस्टची संख्या सांगणाऱ्या पोरांच्या डोक्यात तो असतो का, एवढंच मला विचारायचं आहे.

हे सगळं मला इतकं का लागावं? त्याला कारण आहे. मागे एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला गावातली एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली होती. शेवटची तारीख. आई खुरपणीचा रोज बुडवून आलेली. सगळं भरलं, बटण दाबलं की 'काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा'. सहा वेळा तेच. शेवटी आईने विचारलं, "गुरुजी, हिच्या कागदात काय खोट हाय का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी सहज म्हणून नाव इंग्रजी अक्षरांत टाकलं आणि अर्ज गेला. मराठीत, मराठी मुलीचं नाव, तेवढं चाललं नाही.

ते संकेतस्थळ कोणाचं हे महत्त्वाचं नाही, आणि तिथे नेमकं काय बिघडलं हे आपल्याला कोण सांगणार? पण नातीला हे सांगितल्यावर तिने एक शक्यता स्वतःच्या संगणकावर करून दाखवली. ती मला फार आवडली, कारण ती अर्धी व्याकरणाची आहे.

आज सगळीकडे मराठी मजकूर यूटीएफ-8 नावाच्या पद्धतीने साठवतात. तिच्यात साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट जागा लागते आणि देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. प्रत्येक 'खुणेला' म्हटलं, अक्षराला नव्हे. काना वेगळा, मात्रा वेगळी, पाय मोडल्याची खूणसुद्धा वेगळी. आता 'ज्ञानेश्वरी' हे नाव घ्या. आपल्या दृष्टीने चार अक्षरं: ज्ञा, ने, श्व, री. संगणकाच्या दृष्टीने अकरा खुणा: ज, पाय मोडका, ञ, काना, न, मात्रा, श, पाय मोडका, व, र, दीर्घ वेलांटी. अकरा त्रिक तेहतीस बाइट. हेच नाव इंग्रजी लिपीत बारा अक्षरं, बारा बाइट. नातीने ओरॅकलच्या डेटाबेसमध्ये नावाचा रकाना 30 चा केला. वेगळं सांगितलं नाही तर ओरॅकल ते 30 बाइट धरतं. इंग्रजी नाव ऐसपैस बसलं. मराठी नावाला डेटाबेसने दारातूनच परत पाठवलं. जुन्या मायएसक्यूएलमध्ये वेगळीच गंमत व्हायची. तिथे आपोआप मिळणारी लिपी युरोपीय होती, आणि सांभाळून मांडणी केली नसेल तर अख्ख्या नावाची प्रश्नचिन्हं व्हायची. 2018 मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत ते मुळातून बदललं.

मग तिने याच तुकड्याची मॉकवाली टेस्ट चालवली, ज्ञानेश्वरी हेच नाव घालून. हिरवी! कारण डमीला सांगितलेलं होतं, 'नोंद झाली म्हण'. मॉडेल जागेवर ठेवून, खऱ्या डेटाबेसवर तीच टेस्ट चालवली तेव्हा लाल. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मीही काही बोललो नाही (हे माझ्या बाबतीत विशेष!).

दुसराही एक प्रकार तिनेच सांगितला. रेंज कमी असली की माणूस बटण दोनदा दाबतो. दोन विनंत्या जवळजवळ एकाच क्षणी पोचतात. दोन खिडक्यांवरचे दोन भाऊसाहेब एकाच वेळी रजिस्टर बघतात, दोघांनाही नाव दिसत नाही, दोघेही नोंद करतात. एका मुलीचे दोन अर्ज, आणि मग छाननीत दोन्ही बाद व्हायची धास्ती. हे पक्कं थांबवायचं तर रजिस्टरानेच दुसरी नोंद नाकारली पाहिजे, म्हणजे डेटाबेसमध्येच 'एका मुलीची एकच नोंद' असा नियम घातला पाहिजे. तो घातलाय की विसरलाय, हे खऱ्या डेटाबेसवर तीच नोंद दोनदा घालून बघितल्याशिवाय कळत नाही. डमीकडे रजिस्टरच नाही, तो काय नाकारणार?

मग मॉक टाकूनच द्यायचे का? नाही, मी इतका हट्टी नाही. अर्ज पोचल्यावर मोबाईलवर संदेश जातो, तो पाठवणारी यंत्रणा दुसऱ्याची आहे. दर टेस्टला खरा संदेश पाठवला तर पैसे जातील आणि कुणाचा तरी फोन दिवसभर वाजत राहील. तिथे डमी हवाच. बँकेतून पैसे कापून घेणं असेल तिथेही हवा. आणखी एक जागा: डेटाबेस ऐन वेळी बंद पडला तर आज्ञावली काय करते हे बघायचं असेल, तर खरा डेटाबेस हुकमी बंद पाडणं कटकटीचं. डमीला 'मी बंद आहे' एवढं म्हणायला सांगितलं की झालं. आणि जिथे निव्वळ हिशेब आहे, गुण किती, टक्के किती, रक्कम किती, तिथे तो हिशेब मॉडेलपासून वेगळा काढून ठेवावा. मग रजिस्टरही नको आणि डमीही नको.

मॉकच्या जन्मदात्यांपैकीच स्टीव्ह फ्रीमन यांनी नॅट प्राइस यांच्याबरोबर 2009 साली पुस्तक लिहिलं. त्यात सल्ला आहे की जे तुमच्या मालकीचं आहे त्याचंच मॉक करा, परक्याचं करू नका. नात म्हणाली, "मग मॉडेल तर आमचंच आहे!" मी म्हटलं, नाव तुमचं. पण शोधणं, नोंदवणं, पुसणं ही सगळी कामं ते रेल्सकडून नाहीतर जँगोकडून उसनी घेतं, आणि ती कामं शेवटी डेटाबेसच्या जिवावर चालतात. सातबारा तुमच्या नावावर आहे, पण विहीर सामाईक आहे. :)

राहिला वेगाचा आणि सांडलवंडीचा प्रश्न. त्याचं उत्तर या लोकांनी स्वतःच शोधून ठेवलेलं आहे. जँगो टेस्टसाठी वेगळा डेटाबेस तयार करतं, आणि नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक टेस्ट एका व्यवहारात गुंडाळून शेवटी तो व्यवहार मागे घेतं. जे लिहिलं ते लिहिलंच नव्हतं असं होतं. अभिरूप मतदानातलं क्लिअर बटण ते हेच! मॉकपेक्षा थोडं हळू चालतं, पण चालतं. फक्त घाईत एक पळवाट काढू नये: खरं काम ओरॅकलवर आणि टेस्ट मात्र हलक्याफुलक्या एसक्यूलाइटवर. एसक्यूलाइटमध्ये 30 चा रकाना म्हणून 300 अक्षरं घातली तरी ते हूं की चूं करत नाही. म्हणजे आपल्या शाळेची तपासणी आणि शेजारच्या शाळेचं रजिस्टर!

क्लिअर विसरलं तर काय होतं, हेही सांगायला हवं, नाहीतर नात म्हणेल नानांनी एकच बाजू मांडली. 2019 च्या लोकसभेला केरळात कळमशेरीच्या एका केंद्रावर अभिरूप मतदानातली मतं पुसायची राहून गेली. खरी मतं त्यांच्यावरच नोंदली गेली आणि त्या केंद्रावर फेरमतदान घ्यावं लागलं. खऱ्या यंत्रावर तपासायचं तर शिस्तही तेवढीच लागते, हे कबूल. पण म्हणून आयोगाने अभिरूप मतदान पुठ्ठ्याच्या खोक्यावर घ्यायला सांगितलं नाही. पुसलं की नाही याची पडताळणी करायला लावली.

आपल्या नात्यागोत्यात आता घरटी एक तरी पोरगं या धंद्यात आहे. त्यांच्यासाठी एक काम सुचवतो. टेस्टमध्ये घालायला जी खोटी नावं लागतात ती 'एबीसी' आणि 'टेस्ट टेस्ट' अशी घालू नका. आपल्या गावाच्या शाळेच्या हजेरीत जशी असतात तशी घाला: ज्ञानेश्वरी, लक्ष्मीबाई, कृष्णा, ऋतुजा, एकनाथ. नाव एका ओळीत मावणार नाही असं एखादं घाला, आणि ज्याला आडनावच नाही असाही एक विद्यार्थी घाला. ही मतं खुशाल खोटी असू देत. फक्त ती खऱ्या यंत्रावर टाका, आणि मग क्लिअर करा.

ती मुलगी त्या दिवशी इंग्रजी नावाने अर्ज भरून गेली. दाखल्यावर नाव मराठीत आणि अर्जावर इंग्रजीत, म्हणून पुढे आणखी एक प्रतिज्ञापत्र करावं लागलं. त्याचे पैसे आणि आणखी एक रोज, दोन्ही तिच्या आईचेच गेले. कोणाच्या तरी पडद्यावर त्या दिवशीही सगळं हिरवंच असेल.